नागपूरचा पाऊस खरंच बदलला का? स्वतः तपासण्याची पद्धत

"पाऊस आता पहिल्यासारखा राहिला नाही" हे वाक्य नागपुरात जुलै कोरडा गेला की ऐकू येतं आणि सप्टेंबरात रस्ते तुंबले की पुन्हा ऐकू येतं. वाक्य खरं असू शकतं. पण ते तपासायला बहुतेक जण वर्षाची एकूण बेरीज काढतात, आणि नेमक्या त्याच आकड्यात बदल सर्वांत कमी दिसतो. नागपूरला वर्षाकाठी साधारण हजार-अकराशे मिमी पाऊस पडतो. एखाद्या वर्षी तो पन्नास दिवसांत पडला आणि दुसऱ्या वर्षी पस्तीस दिवसांत, तरी बेरीज तीच येईल. शेताला, विहिरीला आणि नाल्याला मात्र ही दोन वर्षं अगदी वेगळी असतात. म्हणून इथली सगळी पद्धत रोजच्या नोंदींवर उभी आहे. महिन्याच्या किंवा वर्षाच्या बेरजांवर हे काम होत नाही.

लागणारं साहित्य साधं आहे: संगणक, एक्सेल किंवा लिब्रेऑफिससारखी तक्त्याची प्रणाली, निदान तीस वर्षांची दैनिक आकडेवारी आणि तीन-चार निवांत संध्याकाळी.

आकडेवारी कुठून घ्यायची

तीन वाटा आहेत. तिन्हींचा उपयोग वेगवेगळा आहे, त्यांची सरमिसळ करू नका.

पहिली वाट भारतीय हवामान विभागाच्या केंद्रावरच्या नोंदींची. नागपूरला विभागाचं प्रादेशिक केंद्र आहे आणि सोनेगाव विमानतळावर वेधशाळा आहे. जुन्या दैनिक नोंदी विभागाच्या पुणे कार्यालयाकडे रीतसर मागणी करून मिळतात. एका दिवसात किती मोठा पाऊस पडतो हे पाहायचं असेल तर याच नोंदी घ्या.

दुसरी वाट जाळीच्या आकडेवारीची. हवामान विभागाने १९०१ पासूनचा देशभरचा दैनिक पाऊस अक्षांश-रेखांशांच्या पाव अंश बाय पाव अंशाच्या चौकटींत बसवला आहे, आणि पुण्याच्या संकेतस्थळावरून तो मोफत उतरवता येतो. नागपूर शहर २१.१५ अंश उत्तर, ७९.०९ अंश पूर्व असं आहे. त्याला जाळीतला सर्वांत जवळचा बिंदू २१.२५ उत्तर, ७९.०० पूर्व हा. फाइल बायनरी, म्हणजे तक्त्यात थेट न उघडणाऱ्या स्वरूपात येते आणि नोंद नसलेल्या जागी उणे ९९९ असतं. ते न काढता बेरीज केली तर एका बेपत्ता दिवसामुळे सबंध हंगाम उणे होतो. दुसरं असं की चौकटीतला आकडा आजूबाजूच्या केंद्रांवरून काढलेला असतो, त्यामुळे एका ठिकाणी कोसळलेला पाऊस त्यात पसरून कमी दिसतो. शिवाय हा आकडा काढायला वापरलेली केंद्रं दरवर्षी तितकीच नसतात. एकूण पाऊस आणि खंड यांसाठी जाळी चालते. अतिवृष्टी मोजायला ती भरवशाची नाही.

तिसरी वाट राज्याच्या कृषी विभागाच्या महारेन या संकेतस्थळाची. तिथे महसूल मंडळनिहाय रोजचा पाऊस दिसतो. हिंगणा, कामठी, काटोल, उमरेड यांच्यातला फरक पाहायला ही उत्तम जागा आहे, पण नोंदींची मालिका लांब नाही. दीर्घकालीन कल काढायला तिचा उपयोग करू नका.

ब्रिटिशकालीन छापील तक्ते हाती लागले तर पाऊस इंच आणि सेंटमध्ये असतो. शंभर सेंट म्हणजे एक इंच, म्हणजे २५.४ मिमी. "१.०५" हा आकडा एक इंच पाच सेंट, म्हणजे २६.७ मिमी होतो. तो मिमी समजून तक्त्यात घातला की जुना काळ एकदम दुष्काळी दिसू लागतो.

तारखेचा घोळ आधी सोडवा

हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. म्हणजे २३ सप्टेंबर या तारखेसमोरचा आकडा हा २२ च्या सकाळी साडेआठपासून २३ च्या सकाळी साडेआठपर्यंतचा पाऊस असतो. २०२३ सालच्या त्या रात्रीचंच उदाहरण घ्या. २२ तारखेची मध्यरात्र उलटल्यावर काही तासांत नागपुरात शंभरहून अधिक मिमी पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. हा पाऊस तक्त्यात २३ तारखेलाच सापडेल. घरच्या वहीत तो कुणी २२ ला लिहिला असेल, तर दोन नोंदी ताडून पाहताना एक दिवसाचा सरक दिसतो आणि माणूस विनाकारण यंत्रावर संशय घेतो.

यानंतर रिकाम्या जागा पाहा. "पाऊस पडला नाही" आणि "नोंद घेतली नाही" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण जुन्या तक्त्यांत दोन्हींसाठी रिकामा चौकोन सोडलेला सापडतो. जून ते सप्टेंबर हे १२२ दिवस. त्यांतले बारापेक्षा जास्त दिवस बेपत्ता असतील तर ते वर्ष बाजूला ठेवा. बारापेक्षा कमी असले तरी त्या दिवशी शेजारच्या केंद्रावर काय झालं होतं ते बघा. शेजारी ९० मिमी पडलेला दिवस तुमच्याकडे बेपत्ता असेल, तर "वर्षातला सर्वांत मोठा पाऊस" या मोजमापासाठी ते वर्ष निकामी आहे. रविवारी किंवा सुटीच्या दिवशी शून्य आणि सोमवारी मोठा आकडा असं वारंवार दिसलं, तर दोन दिवसांचा पाऊस एकदम मोजला गेला आहे असं समजा. त्या सोमवारला अतिवृष्टीत धरू नका.

शेवटची तपासणी जागा बदलाची. तुमच्या केंद्राची वर्षावर्षाची चढती बेरीज एका अक्षावर आणि आसपासच्या तीन-चार केंद्रांच्या सरासरीची चढती बेरीज दुसऱ्या अक्षावर मांडा. ठिपके सरळ रेषेत गेले तर ठीक. एखाद्या वर्षापासून रेषा वाकली आणि वाकलेलीच राहिली, तर बहुधा पाऊस बदललेला नाही. पर्जन्यमापक हलवला असेल, शेजारी इमारत उठली असेल किंवा झाड वाढलं असेल. शहर वाढत गेलेल्या नागपूरसारख्या ठिकाणी ही तपासणी टाळून चालत नाही.

काय मोजायचं

प्रत्येक वर्षासाठी एक ओळ करा आणि तिच्यात पुढची मोजमापं भरा.

पावसाचे दिवस: ज्या दिवशी २.५ मिमी किंवा जास्त पाऊस झाला ते. हवामान विभागाची व्याख्या हीच आहे. "काउंटइफ्स" सूत्राला १ जून ते ३० सप्टेंबर आणि २.५ पेक्षा कमी नाही अशा अटी दिल्या की आकडा येतो.

मोठे दिवस: ६४.५ मिमीपासून जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार, २०४.५ पासून अत्यंत जोरदार. नागपुरात शेवटचा प्रकार इतका विरळ की त्यावर कल काढता येत नाही, पण नोंद ठेवा. महसुलाच्या कामात मंडळात चोवीस तासांत ६५ मिमीच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, त्यामुळे पंचनाम्यांशी तुलना करायची असेल तर तोही रकाना ठेवा.

सर्वांत लांब खंड: तक्त्यात पावसाच्या रकान्याशेजारी एक रकाना घ्या. पाऊस २.५ पेक्षा कमी असेल तर आधीच्या ओळीतला आकडा अधिक एक, नाहीतर शून्य. त्या रकान्यातला कमाल आकडा म्हणजे सर्वांत लांब खंड. १ जूनपासून मोजणी सुरू केली तर मॉन्सून उशिरा आलेल्या प्रत्येक वर्षी जूनमधला कोरडा काळच "खंड" म्हणून वर येतो. म्हणून मोजणी १ जुलैपासून करा; सप्टेंबरअखेर थांबवा.

झड: सलग तीन किंवा जास्त पावसाचे दिवस. मागच्या पिढीच्या बोलण्यात आठ-आठ दिवसांची झड असते. ती कमी झाली का, हा प्रश्न मोजण्यासारखा आहे आणि कुणी फारसा मोजत नाही.

अर्धा पाऊस किती दिवसांत: हे मोजमाप सर्वांत बोलकं आहे. हंगामातले सगळे दिवस मोठ्याकडून लहानाकडे लावा, वरून बेरीज करत जा आणि हंगामाचा निम्मा पाऊस कितव्या दिवशी पूर्ण होतो ते लिहा. समजा हंगामाची बेरीज ९६० मिमी आहे आणि पहिल्या नऊ दिवसांतच ४८० झाले, तर आकडा ९. हा आकडा वर्षानुवर्षं घटत असेल तर पाऊस मोजक्या दिवसांत गोळा होतो आहे.

खोटी सुरुवात: १ जूनपासूनची बेरीज ७५ मिमीला पोचते ती तारीख लिहा. ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका असा कृषी विभागाचा सल्ला असतो, म्हणून हा आकडा. त्या तारखेनंतरच्या वीस दिवसांत सलग दहा कोरडे दिवस आले का? आले तर त्या वर्षापुढे खूण करा. या खुणा दुबार पेरणीच्या वर्षांशी ताडून पाहिल्या की कपाशी आणि सोयाबीन करणाऱ्या घरात कुठल्याही आलेखापेक्षा लवकर पटतात.

संत्र्याचे बागायतदार असाल तर आणखी एक रकाना हवा. मृग बहारासाठी एप्रिल-मेमध्ये झाडाला ताण देतात आणि जूनच्या पावसाने फूट येते. ताणाच्या काळात २० मिमीच्या वर अवकाळी पाऊस कितीदा झाला, आणि ताण तुटल्यावर जूनमध्ये पंधरा दिवसांचा खंड कितीदा पडला, हे दोन आकडे वेगळे ठेवा. फूट बिघडण्याची कारणं दोन्हीकडे असतात आणि एकूण पावसात ती दिसत नाहीत.

नक्षत्रांनी मोजायला हरकत नाही

घरातले वडीलधारे मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य अशा भाषेत बोलतात आणि त्यांच्या आठवणी त्याच खणांत साठवलेल्या असतात. म्हणून एक जादा तक्ता नक्षत्रनिहाय करावा. मृग साधारण ७-८ जूनला लागतं, आर्द्रा २१-२२ जूनला, पुनर्वसू ५-६ जुलैला, पुष्य १९-२० जुलैला, आश्लेषा २-३ ऑगस्टला, मघा १६-१७ ला, पूर्वा ३० च्या आसपास, उत्तरा १३ सप्टेंबरच्या सुमारास आणि हस्त २७ ला. प्रत्येक खण तेरा-चौदा दिवसांचा, म्हणजे पंधरवड्याची सोयीची फूटपट्टी.

एक दुरुस्ती लक्षात ठेवा. नक्षत्रं निरयन पद्धतीने, म्हणजे स्थिर ताऱ्यांच्या संदर्भाने मोजतात, त्यामुळे इंग्रजी तारखेच्या मानाने ती सुमारे ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकतात. शंभर वर्षांत जेमतेम दीड दिवस. "मृग कोरडा जातो" हा अनुभव या सरकण्याने आलेला नाही, हे यावरून नक्की सांगता येतं.

कल खरा की योगायोग

आता तीस वर्षांच्या तीस ओळी समोर आहेत. एक्सेलची सरळ रेषा ओढण्याचा मोह होईल. पावसाच्या आकड्यांना ती जुळत नाही, कारण टोकाचं एकच विचित्र वर्ष सबंध रेषा आपल्याकडे ओढतं. त्याऐवजी मान-केंडल चाचणी वापरा. नाव अवघड असलं तरी काम शाळकरी आहे.

प्रत्येक वर्षाची त्याच्या पुढच्या प्रत्येक वर्षाशी जोडी लावा. पुढच्या वर्षाचा आकडा मोठा असेल तर अधिक एक, लहान असेल तर उणे एक, सारखा असेल तर शून्य. तीस वर्षांच्या ४३५ जोड्या होतात. सगळ्यांची बेरीज करा. ती १११ किंवा अधिक, अथवा उणे १११ किंवा त्याहून खाली असेल, तर ९५ टक्के विश्वासाच्या पातळीवर कल आहे असं म्हणता येतं. ९० आली, तर "वाढतंय असं वाटतं" इतकंच म्हणा. पावसाच्या दिवसांसारख्या मोजमापात बरेच आकडे सारखे येतात. तिथे हीच मर्यादा किंचित कडक ठरते, चुकीच्या बाजूला नेत नाही.

दहाच वर्षांची आकडेवारी असेल तर ४५ जोड्यांपैकी बेरीज निदान २३ लागते. इतका ठळक कल पावसात क्वचितच असतो. दहा वर्षांवरून निकाल देऊ नये, याचं कारण हेच.

कलाचा वेग काढायला सेनचा उतार घ्या: प्रत्येक जोडीत आकड्यांतला फरक भागिले वर्षांतला फरक, आणि त्या सर्व ४३५ उत्तरांचा मध्यक, म्हणजे उत्तरं चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारं उत्तर. पावसाच्या दिवसांसाठी तो उणे ०.२ आला तर तीस वर्षांत सहा दिवस कमी झाले असा अर्थ.

हात हमखास कुठे घसरतो

सुरुवातीच्या वर्षात. १९७२ सारख्या दुष्काळी वर्षापासून मोजायला लागलात तर पाऊस वाढताना दिसणारच. २००९ किंवा २०१५ सारख्या देशभर तुटीच्या वर्षावर मालिका संपवली तर घटताना दिसेल. सुरुवात पाच वर्षं मागे आणि पाच वर्षं पुढे सरकवून पाहा. चिन्ह बदललं तर निकाल टाकून द्या. पावसाचा स्वतःचाही काही दशकांचा चढउतार असतो, म्हणून तीस वर्षं ही किमान मर्यादा आहे. साठ मिळाली तर साठ घ्या.

टक्केवारीत. "सरासरीच्या ११० टक्के" हा आकडा ज्या सरासरीवर काढला तीच बदलत असते. देशाच्या मोसमी पावसाची १९६१ ते २०१० ची सरासरी सुमारे ८८ सेंमी होती, १९७१ ते २०२० ची ८७ सेंमी आहे. वेगवेगळ्या वर्षांच्या बातम्यांतल्या टक्केवाऱ्या एका आलेखात मांडू नका. मिमी घ्या आणि स्वतः एकच सरासरी ठरवून टक्केवारी काढा.

खूप मोजमापं करण्यात. वीस रकाने तपासले तर ९५ टक्क्यांच्या पातळीवर एखादा निव्वळ योगायोगाने "सिद्ध" होतो. कोणते चार-पाच रकाने महत्त्वाचे ते आकडे पाहण्याआधी कागदावर लिहून ठेवा.

आणि पुराला पावसाचा पुरावा मानण्यात. नाल्याची रुंदी, काँक्रीटचे रस्ते, तलावाचा सांडवा आणि नदीपात्रातली बांधकामं यांवर पूर ठरतो. तेवढ्याच पावसात आज पाणी घरात शिरतं आणि पूर्वी शिरत नव्हतं, असं होऊ शकतं. उलटपक्षी जुन्या काळी मोठा पाऊस नव्हता असंही नाही. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीच्या पुराने नरखेड तालुक्यातलं मोवाड उद्ध्वस्त केलं आणि दोनशेहून अधिक माणसं गेली. पाऊस आणि पूर यांचे तक्ते वेगळे ठेवा.

आलेलं उत्तर मोठ्या चित्राशी ताडून घ्या. बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मध्य भारताच्या १९५१ ते २००० च्या नोंदी तपासल्या. हंगामाची सरासरी जवळपास जागच्या जागी होती, पण दिवसाला १०० मिमी आणि त्यावरच्या घटना वाढल्या होत्या आणि मध्यम पाऊस कमी झाला होता. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या गटाने २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत भागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि त्यासाठी लागणारी जादा वाफ मुख्यतः अरबी समुद्रावरून येते. यामागचा एक नियम साधा आहे: हवा एक अंश सेल्सिअसने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त वाफ धरू शकते. बंगालच्या उपसागरातून ओडिशा-छत्तीसगडमार्गे विदर्भावर आलेलं कमी दाबाचं क्षेत्र मग तेवढ्याच वेळात जास्त ओततं. पण ही गोष्ट सबंध मध्य भारताची आहे. एका शहराच्या एका केंद्रावर वर्षावर्षाचा आपोआपचा चढउतार इतका असतो की हाच कल तिथे चाचणीत उतरेलच असं नाही. उतरला नाही तर तसं लिहा. आकडे ओढूनताणून मोठ्या चित्रात बसवले की पुढचा वाचणारा फसतो.

स्वतःची नोंद सुरू करायची असेल

शहरातल्या शहरात पाऊस इतका वेगळा पडतो की सोनेगावचा आकडा पारडीला लागू होत नाही. घरी नोंद ठेवणाऱ्यांची गरज आहे.

१६ सेंमी व्यासाची उतरती, खोल नरसाळी घ्या. तोंडाचं क्षेत्रफळ २०१ चौसेंमी येतं, म्हणजे २० मिली पाणी जवळपास १ मिमी पाऊस. व्यास आतल्या कडेपासून मोजा. प्रत्यक्षात १५ सेंमी असलेली नरसाळी १६ ची धरली, तर प्रत्येक नोंद १२ टक्के कमी येते, आणि ही चूक नंतर शोधूनही सापडत नाही. खाली पाच लिटरचा कॅन हवा. २०० मिमी पावसाला चार लिटर पाणी जमतं, आणि लहान बाटली नेमकी ज्या दिवशी ओसंडते तोच दिवस तुम्हाला हवा असतो.

नरसाळीची कड जमिनीपासून ३० सेंमी उंच आणि लेव्हल लावून आडवी ठेवा. भिंत किंवा झाड चार मीटर उंच असेल तर निदान आठ मीटर दूर. गच्चीवर वाऱ्यामुळे पाऊस कमी पकडला जातो; नाइलाजाने गच्चीवरच ठेवायचं तर मधोमध ठेवा आणि जागा बदलू नका. कॅन सावलीत, झाकलेला असू द्या, नाहीतर सप्टेंबर-ऑक्टोबरच्या उन्हात दुपारपर्यंत एखादा मिमी उडून जातो. दर आठवड्याला नरसाळीचं भोक पाहा. कडुनिंबाची एक काडी आणि कुंभारमाशीचं चिमूटभर चिखलाचं घर एवढ्याने ते बंद होतं, नरसाळी काठोकाठ भरते आणि वहीत "४ मिमी" लागतो.

मोजणी रोज सकाळी साडेआठला. मोजपात्र सपाट जागी ठेवा, डोळा पाण्याच्या रेषेत आणा आणि वाकलेल्या पृष्ठभागाचा खालचा तळ वाचा. काठाला चढलेली कड वाचू नका. वहीत पाऊस नसेल तर ०, थेंबच पडले तर "नाममात्र", मोजलंच नसेल तर "नोंद नाही" आणि दोन दिवसांचं एकत्र असेल तर तसं स्पष्ट. फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीत कॅनमध्ये मोजून २०० मिली कोमट पाणी घाला, गारा वितळू द्या आणि एकूण मापातून २०० वजा करा. मोठा पाऊस सुरू असताना दर पंधरा मिनिटांनी एक वाचन घेतलं तर सोन्याहून पिवळं, कारण नाल्यांची क्षमता तासाच्या पावसावर ठरते आणि दैनिक तक्त्यात ती माहिती नसते. मधलं वाचन घेतल्यावर पाणी फेकू नका. वेळ आणि माप लिहून परत कॅनमध्ये ओता.